परीकथेचे फाडलेले पान

वॉल्ट डिस्नेचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ १९३७ साली पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या आरंभी एक सुशोभित पुस्तक दिसले. ते उघडले आणि पानावरच्या अक्षरांतून गोष्ट सुरू झाली. ‘सिंड्रेला’ (१९५०) आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) हे पुढचे डिस्नेपटही तसेच पुस्तक उघडून सुरू होतात. २००१ सालच्या ‘श्रेक’मध्येही आधी पुस्तकच उघडते. बुरुजात कोंडलेली राजकन्या, राखण करणारा ड्रॅगन, खऱ्या प्रेमाचे पहिले चुंबन असे सगळे यथासांग वाचून होते. मग एक हिरवा हात पान फाडून घेतो आणि कळते, की वाचणारा राक्षस शौचालयात बसला होता.

तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा विषय त्या फाडलेल्या पानात आहे. विनोदी ॲनिमेशनपट परीकथेची थट्टा करतात, हे कोणीही सांगेल. पण थट्टा नेमकी कोणाची होते? हा प्रश्न नीट विचारला, की अभ्यासाला सुरुवात होते. माझे उत्तर असे, की लोकांच्या तोंडी शतकानुशतके फिरत आलेल्या कथेला हे चित्रपट क्वचितच दुखावतात. त्यांचा रोख असतो तो पुस्तकावर, म्हणजे ‘गोष्ट अशीच आहे’ असे ठामपणे सांगणाऱ्या एका आवृत्तीवर.

परीकथा मुळात एका रूपात कधी राहिलीच नाही. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या संग्रहात लांडगा लाल टोपीवाल्या मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढणारा शिकारी भेटतो तो ग्रिम बंधूंच्या, १८१२ पासून प्रसिद्ध झालेल्या संग्रहात. पेरो प्रत्येक कथेच्या शेवटी पद्यात तात्पर्य देतो, आणि त्या तात्पर्यांचा सूर पुष्कळदा इतका मिश्कील असतो, की तो उपदेश मनापासून करतो आहे का, अशी शंका यावी. परीकथेला हसणे परीकथेच्या घरातच सुरू झाले होते.

चित्रपटातही तेच घडले. तरुण डिस्नेने १९२२ साली कॅन्सस सिटीतल्या आपल्या छोट्या ‘लाफ-ओ-ग्रॅम’ स्टुडिओत सिंड्रेला, लाल टोपीवाली, बूटवाले मांजर यांच्या गोष्टींना समकालीन अमेरिकन वेष चढवून विनोदी लघुपट काढले. फ्लायशर बंधूंच्या १९३३ सालच्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये हिमगौरीच्या जागी बेटी बूप आहे. त्यात कॅब कॅलोवे या जॅझ गायकाच्या चित्रित नृत्यावरून रेखाटलेला विदूषक भुताच्या रूपात गातो. परीकथेत बेडकाचा राजपुत्र होतो, तसे ॲनिमेशनमध्ये कशाचेही काहीही होऊ शकते. रूपांतर हा दोघांचाही स्वभाव असल्यामुळे परीकथा सांगणे आणि तिची नक्कल करणे, ही दोन्ही कामे एकच रेषा एकाच वेळी करू शकते.

मग १९३७ आले. त्या चित्रपटाच्या यशाचे मोठेपण मी कमी लेखत नाही. मात्र त्याने एक वेगळीच गोष्ट घडवली. ग्रिमच्या कथेत बुटक्यांना नावे नाहीत, आणि हिमगौरी चुंबनाने जागी होत नाही. शवपेटी नेणाऱ्या नोकरांना ठेच लागते, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. आज ही गोष्ट कोणालाही सांगायला सांगा. तो चुंबन सांगेल, आणि बुटक्यांची नावेही सांगेल ती डिस्नेचीच. एक चित्रपटच मूळ कथा होऊन बसला.

टेक्स एव्हरीचे महत्त्व इथे कळते. एमजीएमसाठी त्याने १९४३ साली केलेला ‘रेड हॉट रायडिंग हूड’ गोडगोड निवेदनाने सुरू होतो. थोड्याच वेळात लांडगा थबकतो आणि निवेदकाशी भांडतो: हेच किती वेळा करायचे? मुलगी आणि आजीही त्याला सामील होतात. निवेदक नमतो आणि गोष्ट नव्याने सुरू होते. आता लांडगा हॉलिवूडमधला छानछोकी पुरुष आहे, मुलगी नाइट क्लबमध्ये गाते आणि गगनचुंबी इमारतीत राहणारी आजी लांडग्याच्याच मागे लागते. लांडग्याचे डोळे खोबणीतून बाहेर येतात, जबडा टेबलावर आपटतो. हसे होते ते पुरुषाच्या हावेचे, यात शंका नाही; तरी कॅमेऱ्याची नजर त्या गायिकेवर जशी रेंगाळते, तिच्याकडेही अभ्यासकाने डोळेझाक करू नये. त्याच १९४३ सालचा, बॉब क्लॅम्पेटचा ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स’ हा हिमगौरीच्या विडंबनाचा लघुपट तर कृष्णवर्णीयांच्या हीन व्यंगचित्रांवर उभा आहे. १९६८ पासून तो अमेरिकन दूरचित्रवाणीच्या प्रसारणातून बाद झाला. त्यातले चित्रण आणि संगीत थक्क करणारे आहे, आणि म्हणूनच तो जास्त अस्वस्थ करतो. विडंबन आपोआप दुर्बळांच्या बाजूचे ठरत नाही. प्रत्येक वेळी कोण कोणाला हसते आहे, हे तपासावेच लागते.

‘स्लीपिंग ब्यूटी’च्याच वर्षी, १९५९ मध्ये, जे वॉर्डच्या ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत ‘फ्रॅक्चर्ड फेअरी टेल्स’ हा विभाग सुरू झाला. चित्रे साधी, खर्च बेताचा, सारी भिस्त शब्दांवर. त्यातल्या एका भागात वॉल्ट डिस्नेसारखा दिसणारा राजपुत्र झोपलेल्या राजकन्येपाशी पोचतो आणि तिला उठवायचे सोडून तिच्याभोवती करमणुकीची बाग उभारतो. डिस्नेलँड १९५५ साली उघडले होते, आणि त्याच्या मध्यभागी याच राजकन्येचा किल्ला होता. एवढ्या छोट्या भागात एवढी नेमकी टीका मला दुसरीकडे सापडलेली नाही. ‘श्रेक’मधले ड्यूलॉक नगर, तिथली रिकामी स्वच्छता, प्रवेशाची फिरती फाटके आणि गाणाऱ्या लाकडी बाहुल्या पाहताना हा भाग आठवायला हवा. १९९४ मध्ये डिस्ने सोडलेल्या आणि पुढे ‘श्रेक’चा निर्माता झालेल्या जेफ्री कॅट्झेनबर्गच्या वैयक्तिक रागातून ‘श्रेक’ समजावून सांगण्याची पद्धत आहे, पण या परंपरेपुढे ते स्पष्टीकरण फार तोकडे पडते.

अमेरिकेबाहेर पाहिले, की विषय आणखी खुलतो. गारी बार्दिनच्या १९९० सालच्या सोव्हिएत मातीपटात लाल टोपीवाली मॉस्कोहून निघते ती पॅरिसमधल्या आजीकडे, आणि लांडगा वाटेत भेटेल त्याला गिळत जातो. सीमा नुकत्याच सैल होत असलेल्या देशात जंगलाची वाट पॅरिसपर्यंत लांबते, तेव्हा जुन्या कथेतला प्रवासच राजकीय होतो.

सिद्धांतांची भीती बाळगू नये. व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांतून ३१ कार्ये वेगळी काढली. कथेत पुढे काय होणार याची आपली अपेक्षा कशी घडते, हे त्यातून समजते. लिंडा हचन यांचा १९८५ सालचा विडंबनविषयक ग्रंथ सांगतो, की विडंबन ही अंतर राखून केलेली पुनरावृत्ती असते आणि तिच्यात आदरही असू शकतो. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचलेल्या मराठी वाचकाला हे पटवावे लागणार नाही. ज्याच्या कानात एखादी कविता मुरली आहे, त्यालाच तिचे विडंबन साधते.

नेमकी याच बाबतीत आज एक अडचण उभी राहिली आहे. अनेक मुलांना ‘श्रेक’ आधी भेटतो, मूळ कथा नंतर, किंवा भेटतच नाही. त्यांना पान फाडलेले दिसते, पण पानावर काय होते ते ठाऊक नसते. शिवाय आगाऊ प्राणी, लोकप्रिय गाणी आणि बंडखोर राजकन्या हाच आता नवा साचा झाला आहे. डिस्नेने स्वतः ‘एन्चान्टेड’मध्ये (२००७) आपल्याच राजकन्येची थट्टा केली. घर आवरायला तिथे हरणे-ससे येत नाहीत. न्यूयॉर्कचे उंदीर, कबुतरे आणि झुरळे येतात.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक पुढे वाचण्याआधी ग्रिमची हिमगौरी वाचावी, मग १९३७ चा चित्रपट न थांबता, गांभीर्याने, पूर्ण पाहावा. जंगलात पळणाऱ्या मुलीला झाडांच्या फांद्या हात होऊन ओढतात, तिथे भीती वाटली तर वाटू द्यावी. त्यानंतर फ्लायशर, एव्हरी, जे वॉर्ड, बार्दिन आणि शेवटी ‘श्रेक’, या क्रमाने पुढची प्रकरणे लावली आहेत.