बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे बाळ व बाळंतिणीसाठी माहेरकडून, तसेच इतर आप्तांकडून दिली जाणारी भेट होय. महाराष्ट्रात ती बहुधा बारशाच्या सुमारास देतात. तीत झबली, टोपडे, कुंची, दुपटे यांबरोबर डिंकाचे व अळिवाचे लाडू असतात.

लोकरी विणकाम

दोन सुयांवरचे विणकाम शहरी मध्यमवर्गात रुजल्यावर बाळंतविड्यात स्वेटर, टोपरे व पायमोजे यांची भर पडली. ठाण्यातील नौपाड्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत हिवाळा सौम्य असतो. तेथे मोठ्यांना लोकरी कपडे क्वचितच लागतात. तान्ह्या बाळाला मात्र पहाटेच्या गारव्यात ते उपयोगी पडतात. सुलट व उलट हे विणकामाचे मूळ टाके होत. प्रत्येक ओळ सुलट घातल्यास वीण लांबीत ताणली जाते व वाढत्या बाळाला पुरते. त्वचेला टोचू नये म्हणून मऊ लोकर निवडतात. बाळाची बोटे अडकू नयेत म्हणून जाळीची नक्षी टाळतात.

पुनर्वापर

हे कपडे काही महिन्यांतच आखूड होतात. मग ते धाकट्या भावंडांना घालतात किंवा उसवून त्याच लोकरीचे नवे विणतात. तयार कपड्यांमुळे घरगुती विणकाम कमी झाले आहे. तरीही आजीने विणलेला स्वेटर तिच्या पश्चात पुढील पिढीच्या बाळंतविड्यासाठी जपून ठेवला जातो.