शिरेत फिल्टर असताना हृदयाची कॅथेटर तपासणी

पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आहे, पण रक्त पातळ करणारी औषधे देता येत नाहीत (उदा. नुकताच मेंदूत रक्तस्राव झाला असेल), अशा वेळी पोटातल्या मुख्य शिरेत, बहुधा मूत्रपिंडांच्या पातळीच्या खाली, छत्रीच्या काड्यांसारखा धातूचा फिल्टर बसवतात. पायातून सुटलेली गुठळी फुप्फुसात जाण्याआधी तो अडवतो. पुढे अशाच रुग्णाला हृदयाची तपासणी सांगितली, की घरचे विचारतात, "नळी त्या जाळीत अडकणार नाही ना?"

तपासणी म्हणजे नेहमीची अँजिओग्राफी असेल, तर ही काळजी नको. ती मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून होते; फिल्टर शिरेत असतो. दोन्ही रस्ते वेगळे.

हृदयाच्या उजव्या बाजूची तपासणी मात्र शिरेतून होते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब मोजायला ती लागते, आणि जुन्या गुठळ्यांमुळे हा दाब वाढू शकतो, म्हणजे गरज नेमकी याच रुग्णांना पडते. जांघेतून घातलेली नळी थेट फिल्टरमधून जाते. त्यात अडलेली गुठळी सुटू शकते, फिल्टर सरकू शकतो. म्हणून मानेतली किंवा कोपराजवळची शीर निवडतात. वरून येताना फिल्टर वाटेत येत नाही.

पण वरून घातलेली तार गरजेपेक्षा खोल गेली, तर हृदय ओलांडून फिल्टरपर्यंत पोहोचते आणि तिचे वाकडे टोक काड्यांत गुंतू शकते. कॅथलॅबमध्ये तार पडद्यावर दिसते. आयसीयूत मानेत लाइन टाकताना सहसा दिसत नाही, तेव्हा तिथेही फिल्टरबद्दल जरूर सांगा. गुंतलेली तार जोराने ओढायची नसते, ती एक्स-रेखाली सोडवतात.

हृदयातले छिद्र बंद करण्यासारखे काही उपचार जांघेतूनच सोयीचे पडतात. फिल्टर आहे म्हणून तेही अशक्य नसतात. आधी डाय सोडून फिल्टरमध्ये गुठळी नाही ना हे पाहतात, मग पडद्यावर बघत सावकाश पुढे जातात.

बरेच रुग्ण फिल्टरला 'स्टेंट' म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. फिल्टरचे कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फिल्टर काढता येण्याजोगा असेल, तर तो अजून हवा आहे का, हेही याच भेटीत विचारा. गरज संपल्यावर असे फिल्टर काढण्याचा विचार करावा, असे अमेरिकेच्या एफडीएने 2010 मध्येच डॉक्टरांना कळवले होते.