एकही चूक नसलेले निरोप

‘सायको’ सगळ्यांनी पाहिलाय, निदान त्यातला बाथरूमचा सीन तरी. त्याच्या दोनच महिने आधी, एप्रिल १९६० मध्ये, लंडनला ‘पीपिंग टॉम’ लागला होता. दोन्हीकडे लाजाळू, सभ्य दिसणारा तरुण खुनी. ‘सायको’ने हिचकॉकला मालामाल केलं. ‘पीपिंग टॉम’ने मायकेल पॉवेलचं इंग्लंडमधलं करिअर जवळपास संपवलं. ‘ब्लॅक नार्सिसस’, ‘द रेड शूज’ बनवणारा हा माणूस, आणि एका समीक्षकाने त्याचा सिनेमा सरळ गटारात ढकलून द्यायला सांगितलं.

मी तो ऑन-कॉलच्या रात्री लॅपटॉपवर पाहिला. सर्व्हर शांत होते. संपल्यावर सहज पटकथाकाराचं नाव शोधलं आणि सकाळपर्यंत वाचत बसलो.

लिओ मार्क्स. दुसऱ्या महायुद्धात एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेत सांकेतिक लिपीचं काम सांभाळणारा विशीतला पोरगा. तेव्हा हेर एखादी कविता पाठ करत आणि तिच्यातल्या शब्दांवरून निरोपाची किल्ली बनवत. कविता प्रसिद्ध असली तर जर्मन ती पुस्तकात शोधू शकत, म्हणून मार्क्स स्वतःच नव्या कविता लिहून देऊ लागला. पुढे त्याने किल्ल्या रेशमी कापडावर छापून घेतल्या: अस्तरात शिवल्या तर झडतीत हाताला लागत नाहीत, वापरलेला तुकडा कापून जाळून टाकायचा.

पण मला खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. शत्रूच्या मुलुखात घाबरत, घाईत लिहिलेल्या निरोपांत चुका व्हायच्याच. काही तर उलगडायचेच नाहीत. पुन्हा पाठवायला सांगावं तर रेडिओचा माग काढत जर्मन पोचणार. मग मार्क्सच्या हाताखालच्या मुली हजारो शक्यता हाताने तपासत बसायच्या. हॉलंडमधून येणारे निरोप मात्र बिनचूक असायचे. प्रत्येक वेळी. मार्क्सला शंका आली: यांना भीती कशी वाटत नाही? (आमच्याकडे लॉगमध्ये महिनाभर एकही एरर नसेल तर सीनियर म्हणतात, आधी लॉगिंग चालू आहे का बघ.) तिथले ऑपरेटर पकडले गेले होते, निरोप जर्मनांच्या ताब्यातून येत होते. वरिष्ठांनी त्याचं मनावर घेतलं नाही, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. पन्नासहून जास्त हेर पॅराशूटने थेट शत्रूच्या हातात उतरले. त्यातले बहुतेक मारले गेले.

भीतीची खूण शोधायची सवय लागलेल्या या माणसाने नंतर ‘पीपिंग टॉम’ लिहिला. त्यातला मार्क लुईस बायकांना मारताना त्यांच्या चेहऱ्यावरची भीती कॅमेऱ्यात टिपतो. ट्रायपॉडच्या पायात पातं, आणि एक आरसा, म्हणजे मरणाऱ्या बाईला स्वतःची भीतीही दिसावी. (स्पॉयलर झाला, पण सिनेमा पासष्ट वर्षं जुना आहे.) युद्ध आणि पटकथा यांचं नातं मी जोडतोय, पण मला ते टाळता येत नाही.

मार्कचा बाप शास्त्रज्ञ. भीतीचा अभ्यास म्हणून तो लहानग्या मार्कच्या अंथरुणावर पाल सोडतो आणि शूट करतो. मेलेल्या आईचा निरोप घेणारं पोरही शूट करतो. हा बाप पॉवेलने स्वतः केलाय, आणि तो लहान मुलगा पॉवेलचा खरा मुलगा, कोलंबा. हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा पाहिला आणि अर्ध्यात बंद केला. माझा भाचा तीन वर्षांचा आहे. पडला की तो आधी कोणाचा फोन समोर आहे ते बघतो, मग रडतो. त्यातले बरेच व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये आहेत.

समीक्षक पुढे ओशाळले वगैरे, ते नेहमीचंच. खरी धडपड मार्टिन स्कोर्सेसीने केली. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात सिनेमा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा पॉवेल सत्तरी ओलांडलेला होता. १९८४ मध्ये त्याने स्कोर्सेसीची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिच्याशी लग्न केलं. आणि स्कोर्सेसी मार्क्सलाही विसरला नाही: १९८८ च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’मध्ये सैतानाचा आवाज आहे ना, तो लिओ मार्क्सचा.