चाकाआधीचे मडके



आपल्याकडे गावची जमीन दोन नावांनी ओळखतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पीक देणारी शेतजमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. माणसे पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिली, म्हणजे चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, केरकचरा यांचे थर साचत जातात आणि त्या जागेला करडा-पांढुरका रंग येतो. पुढे वस्ती उठून गेली, तरी पांढरी काही पुसली जात नाही. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, तापी या नद्यांच्या काठाने गेलात तर अशी ओस पडलेली पांढरीची टेकाडे ठिकठिकाणी दिसतील. तिथे पावसाळ्यानंतर सहज फिरून या. पायाखाली काय येते? खापरे! नांगराच्या फाळाला लागतात ती खापरे, पोरे नदीच्या डोहात भाकऱ्या काढायला फेकतात ती खापरे.

ही खापरे कोणाची, किती जुनी, आणि त्यांच्यावरून काय कळते, हे आज सांगायचे आहे. त्याचबरोबर पाचवी ते आठवीच्या शिक्षकांना एक गोष्ट सुचवायची आहे. खापर वाचायला शिकवायचे असेल तर आधी मुलांच्या हातून एक मडके घडवून घ्यावे, आणि तेही चाकाशिवाय, नुसत्या मातीच्या वळ्या एकावर एक चढवून.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या तासाला मडके कशाला? तर त्याची हकीकत अशी.

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शांताराम देव यांनी १९५०-५१ साली तिथे उत्खनन केले. तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्या, आणि सापडली तांबड्या रंगाची, काळ्या रेघांनी रंगवलेली भांडी. अंगाने पातळ, कुशीला लांब तोटी असलेली, आणि इतकी नीट भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणावीत. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा अनेक ठिकाणी हीच भांडी निघाली. महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या शेतकरी संस्कृतींपैकी एकीला त्यामुळे या लहानशा गावाचे नाव मिळाले, ‘जोर्वे संस्कृती’. त्या लोकांचा एकही शिलालेख नाही, एकही राजा आपल्याला माहीत नाही. त्यांची ओळख पटली ती मडक्यांवरून.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत वर्षानुवर्षे उत्खनन चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरे, चुली, धान्य साठवण्याची पेवे आणि भांडी भाजण्याची भट्टीसुद्धा तिथे मिळाली. आणखी एक गोष्ट मिळाली, ती ऐकून मन हेलावते. घरातले लहान मूल दगावले की ते लोक त्याला दोन मोठ्या मडक्यांत ठेवीत, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडीत, आणि घराच्या जमिनीतच खड्डा करून पुरीत. गेलेले लेकरू घराबाहेर जाऊ नये, अशी आईबापांची भावना असेल का? पुरावा तेवढे बोलत नाही. पण मडके आणि ते कुठे ठेवले ती जागा आपल्यापुढे आहे.

आता इथे एक बारकावा ध्यानात घ्या. जोर्व्याची ती पातळ, रंगवलेली, खणखणीत भांडी चाकावर उतरवलेली आहेत. पण त्याच घरांत जाडीभरडी भांडीही होती. साठवणीची, स्वयंपाकाची आणि मुलांच्या दफनाची अशी ही भांडी पुष्कळदा हातानेच घडवलेली आहेत. इनामगावला तर चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा एक मोठा रांजण मिळाला. त्याच्यात एका प्रौढ माणसाला बसवून पुरले होते. चार पायांचा रांजण चाकावर उतरेल कसा? त्याचे पाय तरी हातानेच लावले असणार. म्हणजे चाक आले म्हणून हात थांबले नाहीत. एकाच गावात, एकाच काळी, दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या.

जगाच्या इतिहासात पाहिले तर हाताची रीत चाकापेक्षा कितीतरी जुनी. चीनमधल्या एका गुहेत सापडलेली खापरे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची ठरली आहेत. चाक त्या मानाने अलीकडचे, फार तर सहा हजार वर्षांच्या आतबाहेरचे. मधल्या सगळ्या काळात माणसाने शिजवले, साठवले, पाणी भरले ते हाताने वळलेल्या, थापलेल्या भांड्यांत.

या जुन्या रीती आपल्या देशात अगदी काल-परवापर्यंत चालत आल्या आहेत. निकोबार बेटांपैकी चौरा बेटावरच्या स्त्रिया मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडी करीत. त्या बेटावर चांगली माती नाही. ती शेजारच्या तेरेसा बेटावरून होडीने आणीत. तरी भांडी घडवण्याचा मान चौऱ्याचाच, आणि इतर बेटांवरचे लोक त्यांच्याकडून ती घेत. मणिपुरात आंद्रो नावाचे गाव आहे. तिथेही भांडी स्त्रियाच करतात आणि चाक वापरीत नाहीत. भांडे जागेवर ठेवून बाई स्वतः त्याच्याभोवती फिरते. आपल्या घरातही पाहा. चाक पुरुषाच्या हाती गेले, पण चूल घालणे, भिंत लिंपणे, पोळ्याचे बैल करणे ही मातीची कामे बायकांच्या हातची राहिली. चार बोटांनी माती दाबून आकार देण्याची ही विद्या मुलांच्या आजीला येते. तिला शाळेत बोलवा.

आता प्रत्यक्ष मडक्याकडे वळू.

माती ओढ्याकाठची किंवा तळ्याच्या गाळाची चिकण असावी. नुसती काळी माती घेऊ नये. ती वाळताना फार आवळते आणि तडकते. गावात कुंभार असेल तर त्यालाच विचारावे, कारण कोणती माती चालते हे त्याच्याइतके कोणी जाणत नाही. माती वाळवून, कुटून, चाळून रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून टाका आणि माती भाकरीच्या पिठासारखी मळा. मळताना त्यात थोडी बारीक वाळू, राख किंवा जुन्या खापराची पूड घाला. कुंभार घोड्या-गाढवाची लीद घालतात, त्याचेही कारण तेच. अशी भर घातली की माती कमी आवळते, आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते. मळलेल्या गोळ्यात हवेचा फुगा राहू देऊ नका.

मग बूड करा. एका फुटक्या परळात राख भुरभुरवून त्यात मातीची बोटभर जाडीची भाकरी थापा. राखेमुळे ती चिकटत नाही, आणि परळ फिरवला की मडकेही फिरते; हळू फिरणारे चाक तेवढ्यात तयार झाले! आता वळ्या करा. कडबोळी करताना पीठ जसे तळहाताखाली लांबवतो, तशीच माती पाटावर लांबवायची. वळी मुलाच्या करंगळीएवढी, सगळीकडे सारखी जाड. बुडाच्या कडेवर काडीने ओरखडे काढा, त्यावर पातळ चिखल लावा आणि मग वळी बसवा. इथेच मुले घाई करतात. वळी नुसती वर ठेवली तर ती चिकटल्यासारखी दिसते, पण वाळल्यावर सुटते. म्हणून आतल्या बाजूने अंगठ्याने वरची माती खाली ओढून सांधा बुजवायचा. दुसऱ्या वळीचा जोड पहिल्या वळीच्या जोडावर येऊ देऊ नका. गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तसे चुकवा.

एका बैठकीत तीन-चार वळ्यांपेक्षा जास्त चढवू नयेत. ओली माती स्वतःचे वजन पेलत नाही, पोट खाली बसते. वरची कड ओल्या फडक्याने झाकून ठेवा, खालचा भाग जरा घट्ट होऊ द्या, आणि पुढचा तास दुसऱ्या दिवशी घ्या. शाळेचा पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास या कामाला कसा अगदी बेताचा आहे! पोट फुगवायचे असेल तर वळी किंचित बाहेरच्या अंगाला बसवा, गळा आवळायचा तर आतल्या अंगाला. आकार झाला की आतून एक गुळगुळीत गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने हलके थापटा. कुंभारही चाकावरून उतरवलेली घागर अशीच थापटून मोठी करतो. भांडे अर्धवट सुकले, म्हणजे नदीतल्या गोट्याने घासून झिलई द्या.

मडकी सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यावीत. पावसाळी हवा असेल तर जास्त. उन्हात घाईने वाळवली तर तडकतात, आणि ओलसर असताना भाजली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात. भाजणे कुंभाराच्या आव्यात व्हावे हे उत्तम. त्याच्या आव्याच्या एका कोपऱ्यात शाळेची मडकी लावायला त्याची परवानगी घ्या, आणि त्याची मजुरी चुकती करा. माती शिकवणारा तोही शिक्षकच आहे. सुमारे सहाशे अंशांच्या पुढे माती तापली की ती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खापर आज शेतात सापडते, ते या एका गुणामुळे.

काही मडकी फुटतीलच, आणि इतिहासाचा खरा धडा तिथून पुढे सुरू होतो. फुटलेले तुकडे मुलांपुढे मांडा आणि विचारा, फूट कशी गेली? जिथे सांधा नीट बुजला नाही, तिथे मडके वळीच्या रेषेने आडवे फुटते. कड पाहा, ती गोलसर दिसेल. आतून हात फिरवा, बोटांचे दाब लागतील, जाडी कमीजास्त लागेल. आता कुंभाराच्या चाकावरच्या गाडग्याचा तुकडा शेजारी ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला बारीक, एकसारख्या गोल रेघा असतात. बुडाशी दोऱ्याने कापल्याची खूण असते. दोन्ही तुकडे एकदा बोटांनी चाचपले, की मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात थापटून आणि घासून घेतलेल्या भांड्यावरच्या या खुणा पुसल्या जातात, म्हणून प्रत्येक खापराचा निकाल लागतोच असे नाही, हेही मुलांना सांगा. पुराव्यापुढे थांबायला शिकणे, हादेखील इतिहासाचा अभ्यासच.

खापर आणखी पुष्कळ सांगते. इनामगावला इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास काही तरी बिघडले. चौकोनी, ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि भांड्यांचा सुबकपणाही उतरला. पाऊसमान घटून शेती बुडाली असावी, असे डॉ. मधुकर ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत. अवर्षण काय करते हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तेच संकट तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांवर आणि मडक्यांवर उमटले आहे.

म्हणूनच एक काळजीची गोष्ट शेवटी सांगतो. पांढरीची माती खताच्या गुणाची असते, धाब्याला आणि लिंपायलाही चांगली. त्यामुळे लोक ती पूर्वीपासून गाडीने वाहून नेत आले. बैलगाडीने नेली जायची तेव्हा टेकाड हळूहळू खचत होते. आता यंत्राने एका दिवसात सपाट होते. कोणाचा त्यात वाईट हेतू नसतो. शेत सुधारावे, एवढाच विचार असतो. पण मातीबरोबर खापरांचे थरही जातात, आणि एकदा थर मोडला की त्यातले खापर मुके होते. कोणते खापर वर होते, कोणते खाली, कोणते चुलीजवळ, कोणते लेकराच्या हाडांजवळ, यावरच तर सगळे वाचन अवलंबून असते.

तेव्हा गुरुजी, मुलांना टेकाडावर न्या. पण कुदळ नेऊ नका. वर पडलेली खापरे पाहा, चित्र काढा, आणि जिथली तिथे ठेवा. हाडे, मणी, तांब्याची वस्तू किंवा मोठे मडके उघडे पडलेले दिसले, तर उकरू नका; तलाठ्याला, आणि त्याच्यामार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि ज्या मुलाने स्वतःच्या बोटांनी वळी वळली, सांधा बुजवला, मडके फुटल्यावर हळहळ केली, ते मूल घरी जाऊन बापाला म्हणेल, “बाबा, त्या टेकाडाची माती नका आणू, तिथे माणसांची घरे आहेत.” पांढरी राखायची ती अशीच, घरातल्या माणसांच्या बोलण्यातून राखली जाईल.