धावपट्टीखालची नदी

२६ जुलै २००५ ला मी तिसरीत होतो. बाबा कुर्ल्यात अडकले होते आणि देवळाली कॅम्पच्या घरात आई रात्रभर लँडलाइनपाशी बसून होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळलं. मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, तिथे तिला काटकोनात वळवलंय, हे तर इंजिनिअर झाल्यावर कळलं.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली. वाटावं, धडा मिळाला.

पण नवी मुंबईत नवा विमानतळ आखला जात होता. पर्यावरणवाद्यांचे आक्षेप तीन शब्दांत मावतात: नदी, टेकडी, खारफुटी. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीही तेच मुद्दे काढले. शेवटी नोव्हेंबर २०१० मध्ये अटींसह मंजुरी मिळाली. उलवे नदी वळवली, उलव्याची टेकडी फोडली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं.

मग चळवळ हरली? पूर्ण नाही. २००५ च्या आदेशामुळे सरकारी प्रकल्पालाही खारफुटीला हात लावण्याआधी उच्च न्यायालयात जावं लागतं. या विमानतळालाही जावं लागलं. नदी वाचली नाही, पण प्रश्न विचारायची जागा राहिली.

कामासाठी मीही विमानाने फिरतो. हवा तापवण्यात माझाही वाटा आहे. बाबा तिसऱ्या दिवशी घरी पोचले होते. मुंबईहून माझं विमान असलं की आई अजून विचारते, "पाऊस आहे का रे तिकडे?"