विद्युत सॉकेटभोवतीच्या गिलाव्याची दुरुस्ती

विद्युत सॉकेटभोवतीच्या गिलाव्याची दुरुस्ती म्हणजे भिंतीतील सॉकेटच्या किंवा स्विचबोर्डाच्या कडेला फुटलेला, पोकळ झालेला अथवा गळून पडलेला गिलावा (प्लास्टर) काढून तेथे नवा भरण्याचे काम होय. हे काम दिसायला गवंड्याचे असले, तरी ते २३० व्होल्ट दाबाच्या तारांलगत आणि ओल्या मिश्रणाने करावे लागते. शिवाय फुटलेला गिलावा हा बहुतेक वेळा मूळ दोष नसतो. आतील पेटी भिंतीतून सुटलेली असते. ती पक्की न करता वरून केवळ पुट्टी भरल्यास त्याच जागी पुन्हा चीर पडते.

रचना व बिघाडाची कारणे

भारतातील विटांच्या घरांत तारा बहुधा भिंतीत झिरी पाडून बसवलेल्या पीव्हीसी नळ्यांमधून नेतात. नळी जेथे संपते तेथे पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी सिमेंटच्या मालाने (वाळू-सिमेंटच्या मिश्रणाने) रोवलेली असते. पेटीवर चौकट व सॉकेट, आणि त्यावर दर्शनी पट्टी स्क्रूने आवळली जाते. पेटी व गिलावा यांमधील फट या पट्टीखाली झाकली जाते, त्यामुळे बिघाड बराच वाढेपर्यंत लक्षात येत नाही.

पेटी रोवताना विटा नीट भिजवल्या नसतील, तर कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. गीझर, इस्त्री, मिक्सर यांचे घट्ट बसणारे प्लग रोज ओढून काढल्याने असा माल सुटतो व पेटी हलू लागते. वायर धरून प्लग ओढण्याची सवय हे नुकसान लवकर घडवते. पत्र्याच्या पेटीला ओलीमुळे गंज चढल्यास गंजाचा थर मूळ पत्र्यापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि गिलावा बाहेर ढकलतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात भिंतीला लोणा लागून गिलावा पिठासारखा झडतो; अशा ठिकाणी ओलीचा उगम बंद होईपर्यंत कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

सॉकेटभोवती तपकिरी किंवा काळा डाग असल्यास प्रश्न गिलाव्याचा नसतो. सैल जोडणीमुळे निर्माण झालेल्या उष्णतेची ती खूण असते. असा डाग पुट्टी व रंगाखाली झाकणे म्हणजे आगीचा इशारा पुसून टाकण्यासारखे आहे.

वीजप्रवाह खंडित करणे

सॉकेटचा स्वतःचा स्विच बंद करणे पुरेसे नसते. तो फक्त एक तार तोडतो, आणि जोडणी चुकलेल्या घरांत ती फेजऐवजी न्यूट्रल असते. त्यामुळे संबंधित एमसीबी, किंवा शंका असल्यास मेन स्विच, बंद केला जातो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद झाल्यावर तो आपोआप सुरू होतो आणि त्यावरील सॉकेट जिवंतच राहतो. एकाच बोर्डात मेन व इन्व्हर्टर अशा दोन्हींच्या तारा येणे भारतीय घरांत नित्याचे आहे, म्हणून इन्व्हर्टरही स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरून तार निर्जीव मानता येत नाही. टेस्टर प्रथम चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर तपासून घेतात.

कृती

पट्टी व चौकट काढून सॉकेटच्या तारांच्या जागा नोंदवल्या जातात आणि त्यांची टोके इन्सुलेशन टेपने झाकून आत ढकलली जातात. माल आत जाऊ नये म्हणून पेटीत कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी कोंबतात. स्क्रूच्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली नाही तर ती भरून जातात आणि मग चौकट बसत नाही.

भिंतीवर हलके ठोकत गेल्यास सुटलेला भाग बद्द आवाज देतो. तेवढा सर्व गिलावा छन्नीने काढला जातो. पेटीकडे येणारी नळी सहसा सरळ वरून किंवा खालून येते, परंतु तिरप्या नळ्याही आढळतात, त्यामुळे खोल घाव घालणे टाळतात. धूळ झाडल्यावर कडा ब्रशने ओल्या केल्या जातात. येथे पाणी ओतत नाहीत, कारण ते पेटीतून नळीत उतरते.

पेटी हलत असल्यास ती प्रथम १:३ किंवा १:४ प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मालाने मागून व बाजूंनी रोवतात. तिची कड भिंतीच्या तयार पृष्ठभागाशी सपाट असावी लागते आणि ती सरळ असल्याचे पाणसळीने पाहतात. पेटी बाहेर राहिली तर पट्टीमागे फट उरते. फार आत गेली तर मूळ स्क्रू अपुरे पडतात. हा माल घट्ट झाल्याखेरीज पुढचा थर दिला जात नाही.

खोल खड्डा एकदम न भरता सुमारे १० ते १२ मिलिमीटरच्या थरांनी भरला जातो. वॉल पुट्टी ही केवळ शेवटच्या पातळ थरासाठी असते. खड्ड्यात जाड भरल्यास ती आक्रसून तडकते.

साहित्याची निवड

सिमेंटचा माल मजबूत असतो, पण त्याला काही दिवस पाणी मारावे लागते आणि सॉकेटजवळ ते गैरसोयीचे ठरते. तोवर तो सॉकेट बंदच ठेवावा लागतो. याउलट प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांतच घट्ट होते व त्याला पाणी मारावे लागत नाही, म्हणून वायरमन तेच पसंत करतात. मात्र ते ओलीत मऊ पडते आणि दमट जागी लोखंडी पत्र्याला गंज चढवते. स्नानगृहाच्या सामाईक भिंतीवर किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ते वापरणे योग्य नव्हे. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते वापरण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यामुळे गिलावा कमकुवत होतो.

जुन्या वाड्यांत व चाळींत चुन्याचा गिलावा आणि लाकडी गुट्ट्यांवर ठोकलेले बोर्ड आढळतात. चुन्याच्या मऊ गिलाव्यात कडक सिमेंटचे ठिगळ लावल्यास सांध्यावर चीर पडते, म्हणून तेथे चुन्याचाच माल अधिक अनुरूप असतो. गुट्टी वाळवीने खाल्ली असल्यास ती बदलावी लागते.

जोडणी व मर्यादा

गिलावा वाळल्यावरच सॉकेट परत बसवतात. समोरून पाहता तीन छिद्री सॉकेटात वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे व डावे न्यूट्रलचे असते. पट्टीचे स्क्रू हातानेच आवळतात. अधिक जोर दिल्यास नवी कड फुटते.

तारांचे आवरण कडक होऊन तडकले असेल, अर्थिंगची तार नसेल किंवा पेटीची जागा बदलायची असेल, तर काम घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेर जाते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्यापलीकडची विद्युत कामे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावी लागतात.