झिर्याबच्या तारा

ऊद या अरबी तंतुवाद्याला झिर्याबने पाचवी तार जोडली, एवढे सांगून बहुतेक लेखक थांबतात. आम्हांला त्या कथेतील तारांच्या निवडीचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. इ. स. ८२२ मध्ये हा गवई कोर्दोब्यास पोहोचला. अल-मक्करी लिहितो की, त्याच्या काही तारा रेशमाच्या होत्या. परंतु ते रेशीम गरम पाण्यातून काढून कातलेले नव्हते, कारण तसा धागा मऊ आणि दुबळा होतो. खर्जाच्या तारा सिंहाच्या छाव्याच्या आतड्याच्या. त्या इतर प्राण्यांच्या तातीहून गोड वाजत, नखीचे आघात अधिक काळ सोसत आणि उष्णतेतील फेरबदलही त्यांना फारसे बाधत नसत.

अल-मक्करी वारला १६३२ मध्ये. म्हणजे नायक आणि चरित्रकार यांच्यात सुमारे आठशे वर्षांचे अंतर! छाव्याची गोष्ट दंतकथाच असावी. (हे छावे आणीत कोण, हेही कोणी सांगत नाही.) मात्र त्यासोबत सगळेच वर्णन टाकून देणे आम्हांला मान्य नाही. झिर्याबचा समकालीन तत्त्वज्ञ अल-किंदी बम व मथलथ या जाड तारा आतड्याच्या, तर मथना व झीर या बारीक तारा रेशमाच्या सांगतो. पेड अनुक्रमे चार, तीन, दोन, एक. वरच्या स्वराचा ताण बारीक तातीपेक्षा रेशीम अधिक सोसते, हे त्यामागचे साधे गणित.

आज वरच्या तारा बहुधा नायलॉनच्या असतात. खर्जाला मात्र रेशमाच्या किंवा नायलॉनच्या तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळतात, आणि झिजते ती आधी ही गुंडाळीच.